पगारी महापौर

नवरा गेला त्याला आता सात महिने होतील. त्याने सव्वीस वर्षं इथे लंडनमध्ये कौन्सिलच्या ड्रेनेज विभागात नोकरी केली, आणि पिनर उपनगरातल्या घरी परतल्यावर शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका जर्मन महापौराचा अभ्यास. कारखान्यांमुळे पाहता पाहता फुगलेलं एक शहर त्या महापौराने सावरलं होतं. धुरांडी उभी राहण्याआधीच गावाबाहेरच्या जमिनी घेऊन ठेवल्या, मग नळ, गटारं, ट्राम. हे वाचता यावं म्हणून नवरा पन्नाशीत जर्मन शिकला. मी कुरकुर करायचे.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी त्याचा शेवटचा लेख श्रद्धांजली म्हणून मागितला. मी टाइप करून पाठवला. छपाईआधी तपासायला परत आला, तो बदललेला होता.

लेखाचा मुद्दाच हा होता, की तिथला महापौर पगारी नोकर असे. जागेची जाहिरात निघे, अर्ज येत, नगरसभा एकाला बारा वर्षांसाठी नेमी. संपादकांनी तिथे 'जनतेने डोक्यावर घेतलेला लोकनेता' असं घातलं होतं. आमच्या मंडळाला महापौर म्हणजे गळ्यात पदाची सोनेरी साखळी घालून गणपतीला येणारा पाहुणा. त्याला शाल-श्रीफळ देताना माझा नवरा मागे खुर्च्या लावत असायचा.

आणि शेवटचा परिच्छेद गायब. ज्या मजुरांनी ती गटारं खोदली त्यांच्या मताला जवळजवळ किंमत नव्हती, जास्त कर भरणाऱ्याचं मत जड, आणि महापौराने त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही, असं त्यात होतं. ज्याचं वीस वर्षं कौतुक केलं त्याच्याविषयी हे लिहायला नवऱ्याला अख्खा हिवाळा लागला. हॉस्पिटलातही तो खोडून पुन्हा लिहीत होता.

मी संपादकांना फोन केला.

"वहिनी, शेवट कडवट होतो हो. लोक फराळ खात वाचतात."

"मग चकलीची कृती छापा."

"चिडू नका. त्यांच्यावरच्या प्रेमापोटीच केलं."

"प्रेम होतं तर तो असताना एकदा भाषणाला बोलवायचं होतंत. तीनदा विचारलं त्याने. दर वेळी तुमची अंताक्षरी ठरलेली!"

"अंक उद्या छापायला जातोय. लेख काढला तर पान रिकामं राहील."

"अख्खा लेख छापा, नाहीतर राहू दे."

अंक आला. त्या पानावर मॉर्गेज सल्लागाराची जाहिरात होती.

मी लायब्ररीत जाऊन लेखाच्या ऐंशी प्रती काढल्या, शेवटच्या परिच्छेदासकट. दिवाळीच्या कार्यक्रमाला तासभर आधी हॉलवर पोचले. खुर्च्या लावायचं काम मागून घ्यावं लागलं नाही. त्याच्यामागे ते कोणालाच नको होतं. खुर्ची लावायची, वर एक प्रत ठेवायची. पहिल्या रांगेतल्या, महापौरासाठी राखीव खुर्चीवरही ठेवली. त्या पाहुण्याला मराठी येत नाही. पण बसायचं तर आधी ती उचलावीच लागेल.