अभिप्रायाच्या पानाचं कुलूप

औसा तालुक्यातलं तनुजाचं गाव भूकंपात गेलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. घराची दगडी भिंत श्रावणापासून फुगली होती. आई केवळाबाई रोज सांगायची आणि बाप म्हणायचा, काय होतं तिला, दिवाळीनंतर बघू. दिवाळीआधीच भिंत त्याच्या अंगावर आली. मायलेकी रेणापूरला मामाकडे राहायला आल्या. तेव्हापासून ‘काय होतं’ एवढे दोन शब्द ऐकले की तनुजाच्या डोक्यात तिडीक जायची. आणि का जाऊ नये?

अशी ही पोरगी कॉम्प्युटर शिकली आणि लातुरात माधवराव सरांच्या क्लासची वेबसाइट सांभाळायला लागली. तीन मजली क्लास, दोन हजार पोरं, भिंतभर टॉपरांचे फोटो. साइटवर एक पान पालकांच्या अभिप्रायाचं होतं. कुणीही यावं, चौकटीत लिहावं, ते पानावर दिसावं. पण पान दाखवणारा ब्राउझर भलता आज्ञाधारक. टोकदार कंसात काही लिहिलेलं दिसलं की त्याला तो हुकूम वाटतो आणि तो लगेच पाळतो. म्हणून तनुजानं कुलूप घातलं होतं. बाहेरच्यानं लिहिलेला प्रत्येक कंस नुसती खूण म्हणून छापायचा, पाळायचा नाही. आईला तिनं साध्या भाषेत सांगितलं, की दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवताना त्यात ‘ऊठ, दार उघड’ असं आलं तर ते नुसतं वाचावं, उठून दार उघडू नये. केवळाबाईला पटलं. सरांना काही पटलं नाही.

कसं पटणार? पालकांच्या नावानं सर स्वतःच स्वतःची तारीफ लिहीत होते. तीही लाल अक्षरात, इकडून तिकडं सरकत जाणारी. त्याला लागणारे कंसातले हुकूम, सरकवायला ‘मार्की’ आणि रंगाला ‘फॉन्ट’, ते कुठल्याशा पुस्तकातून शिकले होते. आता कुलपामुळे तारीफ सरकेना.

‘‘काढ ते कुलूप,’’ सर म्हणाले. तिनं दोनदा समजावलं. ‘‘काय होतं?’’ सर म्हणाले. नोकरीचा प्रश्न होता, तिनं काढलं.

महिन्याच्या आत व्हायचं ते झालं. कुणीतरी द्वाडानं त्या चौकटीत हुकूम लिहून ठेवला, आणि ऐन निकालाच्या दिवशी जो ते पान उघडेल तो समोरच्या क्लासच्या जाहिरातीवर जाऊन पडायला लागला. सरांनी सगळ्या स्टाफसमोर तनुजाला उभं केलं आणि सांगितलं, पोरगी विकली गेली. कुलूप आपणच काढायला लावलं, ते गिळून टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा! लातूर ते केवढं. आठवड्यात गावभर झालं. कुठला क्लास तिला दारात उभं करेना. ठरलेली सोयरीक मोडली. केवळाबाई बाजारात खाली मान घालून जायला लागली. तनुजाला बाकीचं सगळं पचलं, आईची ती मान पचली नाही. रेणापुरात पोरांना टायपिंग शिकवता शिकवता तिनं तीन वर्षं एकच गोष्ट घोकली. सगळ्यांसमोर बोलला, सगळ्यांसमोरच परत घेईल.

२०१० च्या जूनमध्ये साइट परत तशीच फुटली. साइट सांभाळणाऱ्या नव्या पोरांना काही कळेना, आणि प्रवेशाचा मेळावा दोन दिवसांवर आलेला. सरांचा निरोप आला. तनुजा गेली, आणि राग जपून सोबत नेला.

माझ्याबद्दल खोटं बोललात ते आधी स्टाफला सांगा, असं ती म्हणाली. सर हसले. म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. मग तिनं स्टाफसमोरच विचारलं, ‘‘सर, हे अभिप्राय पालकांनीच लिहिलेत ना? बाहेरच्यांचे असले तर सगळ्याला कुलूप लावावं लागंल. तुमचे असले तर वेगळी सोय करता येती.’’

‘‘पालकांनीच लिहिलेत,’’ सर ठासून म्हणाले.

तिनं कुलूप लावलं. काम चोख केलं, तसूभर खोट ठेवली नाही. मेळाव्याच्या दिवशी आईला आणून मागच्या रांगेत बसवलं आणि स्वतः कॉम्प्युटरपाशी बसली.

हॉल गच्च भरला होता. किनवटकडचे दगडोबा सत्काराला आले होते. त्यांची लेक श्रद्धा यंदाची टॉपर. सरांनी तिच्या हातात माईक दिला आणि वडिलांचा अभिप्राय वाचायला सांगितला. मोठ्या पडद्यावर पान उघडलं. पोरगी प्रामाणिक, दिसेल ते वाचत गेली. टोकदार कंस, मार्की. टोकदार कंस, फॉन्ट, रंग लाल. माधवराव सर म्हणजे देवमाणूस. खालचा अभिप्राय उदगीरच्या पालकाचा, त्यालाही तेच कंस. त्याखाली देगलूरचा, तिथंही तेच.

दगडोबा उठून उभे राहिले. ‘‘हे म्या न्हाई लिवलं. म्या तर अंगठा लावतो.’’

आधी एक रांग हसली, मग सगळा हॉल. तनुजाला ते हसू गोड लागलं, लई गोड लागलं. सर घामाघूम होऊन तिच्यापाशी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘काढ ते कुलूप.’’

‘‘मागच्या बारीला तुमच्याच सांगण्यावरून काढलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘ते आधी माईकवर सांगा. मग बघू.’’

सरांनी पडद्याकडं पाहिलं, हॉलकडं पाहिलं. लोक मोबाइल वर करून पडद्याचे फोटो काढत होते. सरांनी माईक घेतला.

‘‘मागं कुलूप मीच काढायला लावलं होतं. तनुजाची चूक नव्हती.’’

मागच्या रांगेत केवळाबाई उभी राहिली आणि मान वर करून साऱ्या हॉलकडं बघायला लागली. तनुजानंही खुर्ची सोडली.

‘‘अगं, कुलूप?’’ सर म्हणाले.

‘‘राहू द्या की सर,’’ आईकडं जाता जाता ती म्हणाली. ‘‘काय होतं?’’