काकूंच्या परसातला लाल दिवा

मी पदवीधर झालो तो दिंद्रुडच्या शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झाले नव्हते. सरांनी वडिलांची समजूत घातली, मला कॉलेजात घातले. मी फौजदार झालो तेव्हा ते म्हणाले, "शिकलेलं कामी आलं की कळव." तसे एकच प्रकरण माझ्या नोकरीत आले, आणि ते आठवले की अजून तोंड कडू होते.

धारूरकडच्या डोंगराळ भागात तेव्हा पवनचक्क्यांसाठी पाहणी करणाऱ्या जीपगाड्या फिरत. एका सकाळी किराणा दुकान चालवणाऱ्या एक विधवा काकू ठाण्यात आल्या. पुढे दुकान, मागे राहते घर, त्यामागे परस. एवढेच त्यांचे होते.

"सायेब, शेजारच्या मालकाची मानसं माझ्या परसात खंदायलेत. गटार काढतो म्हनले. मागची भित तडकली. कावून खंदता म्हनलं तर एक जन तोंड उघडंना."

मालक म्हणजे गावातले मोठे जमीनदार. निवडणुकीत त्यांचा शब्द चाले. मी आमच्या हवालदारांना चौकशीला पाठवले. ते हसतच परत आले.

"गुप्तधन हाय म्हनं सायेब. खंदताना बोलायचं न्हाई. बोललं की सोन्याचा कोळसा हुतो."

आम्ही पोहोचलो तेव्हा खड्डा पुरुषभर खोल गेला होता आणि काकूंची मागची भिंत त्यात कोसळली होती. काठावर एक परगावचा माणूस कपाळभर भंडारा लावून बसला होता. त्याच्या पिशवीत लॅपटॉप होता. त्यातून निघालेल्या वायरीच्या टोकाला साबणाच्या छोट्या वडीएवढी काळी डबी होती, तिच्यावर बारीक लाल दिवा. पंचनामा करून दोन्ही वस्तू आणि तो माणूस ठाण्यात आणला.

"ह्यो दिवा सोनं दावतो व्हय बे?" हवालदारांनी विचारले.

"मंत्र लागतो सायेब. मालकाच्या माडीत दिवा गप होता. काकूच्या परसात मंत्र म्हनलो अन् लुकलुकाया लागला. मालकानं सोता बघितलंय."

तसली डबी मी पाहणीच्या जीपच्या टपावर पाहिली होती. ती उपग्रहांचे संकेत ऐकून आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते सांगते, एवढे ठाऊक होते. मग दिवा कधी जळतो आणि कधी लुकलुकतो? मी तपासायला बसलो. डबीला पडदा नाही, बॅटरी नाही. वीज येते ती लॅपटॉपमधून, यूएसबीच्या वायरीने. खाली लोहचुंबक, गाडीच्या टपाला चिकटायला. खोलीत, स्लॅबखाली, दिवा नुसता स्थिर जळत राहिला. अंगणात नेऊन मोकळ्या आभाळाखाली धरली. थोडा वेळ स्थिर, मग लुकलुक. म्हणजे शोधत असताना स्थिर, ठिकाण सापडले की लुकलुक. डबीला जमिनीखालचे काही कळत नव्हते. ती फक्त आभाळाकडे कान लावून होती. मालकांच्या माडीला स्लॅब होता आणि काकूंच्या परसाला छप्पर नव्हते, एवढाच फरक. मंत्र म्हणायचा तो डबीला उपग्रह सापडेपर्यंत वेळ काढायला.

मी परत येऊन त्या माणसासमोर बसलो. "पाहणीच्या जीपवर किती दिवस होतास?"

त्याने मान खाली घातली. "डायवर होतो सायेब. इंजिनियर लॅपटॉप बघायचा, मी दिवा बघायचो."

फसवणुकीची फिर्याद मालकांनी द्यायला हवी होती. मी त्यांना बोलावले. ते मुलांना आणि निम्म्या गावाला घेऊन आले. सगळ्यांसमोर डबी ठाण्याच्या अंगणात ठेवली. लुकलुकली. रस्त्यावर, हापशाजवळ, सगळीकडे लुकलुकली. एकाही मंत्राशिवाय.

"आता ठानं बी खंदावं लागतंय मालक," हवालदार म्हणाले. दोघे-तिघे हसले.

मालक हसले नाहीत. काकूंकडे बोट दाखवून म्हणाले, "धन हुतं. ही बया ठान्यात जाऊन बोलली, तवाच त्याचा कोळसा झाला. मला कुनी फसवलं न्हाई. माझी फिर्याद न्हाई."

गर्दीतल्या माना हलल्या. आत्ता हसलेल्यांच्यासुद्धा.

भिंतीच्या नुकसानीची फिर्याद मात्र काकूंनी दिली. साक्षीदार एकेक करून फिरले. तो ड्रायव्हर जामिनावर सुटला तो सुटलाच. गावाने काकूंच्या दुकानाची पायरी सोडली. साखर संपली तरी लोक दुसऱ्या गावाहून आणत.

लोक अडाणी होते म्हणून हे झाले असे मला वाटत नाही. अंगणात काय दिसले ते सगळ्यांना नीट कळले होते. पण त्यांना रोज मालकांसमोर उभे राहायचे होते आणि काकूंवाचून कुणाचे काही अडत नव्हते. या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच. मग सरांना पत्र लिहिले:

"ती. सरांस सा. न. वि. वि.

शिकलेले कामी आले की कळवायला सांगितले होते, म्हणून लिहितो. यंत्र मला समजले. ते मी भर उन्हात निम्म्या गावाला दाखवलेही. काकूंनी घर विकले. मिळेल त्या भावाने, मालकांनाच. दुसरा कुणी घ्यायला धजला नाही. त्या आता युसूफ वडगावला भावाकडे असतात. काल त्यांच्या जुन्या घरावरून गेलो. परसाला पत्रे ठोकलेत. आत कुदळी चालू होत्या. जमीन आता मालकांची, अडवायला माझ्याकडे कलम नाही. तरी पत्र्यावर थाप मारून विचारले, काय चाललंय? कुदळी थांबल्या नाहीत, आणि आतून कुणी ओ दिली नाही.

आपला विद्यार्थी"