आकाशी पोटांची विमानं

गल्लीत सगळे त्याला पायलट म्हणायचे, आणि हा पठ्ठ्या जन्मात कधी विमानात बसला नव्हता. बसणार कसला! स्टुलावर चढायचं म्हटलं तरी त्याचे पाय लटपटायचे. घरातले बल्ब बायको बदलायची आणि हा खाली स्टूल धरून उभा. पोटापाण्यासाठी तो कवळ्या बनवायचा. दिवसभर लोकांचे दात घासून, त्यांचे रंग जुळवून घरी आला की चहा घ्यायचा आणि मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसायचा. मग सुरू व्हायचं त्याचं महायुद्ध.

महायुद्ध म्हणजे प्लॅस्टिकची लढाऊ विमानं. खोक्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. विमान तळहातावर मावेल एवढं, पण ह्याचा हट्ट असा की युद्धात होतं तसंच्या तसं झालं पाहिजे. वरून मातकट आणि हिरवे डाग, म्हणजे उंचावरून बघणाऱ्या शत्रूला ते शेताभातात मिसळलेलं वाटावं. खालून पोट फिकट आकाशी, म्हणजे जमिनीवरून बघणाऱ्याला ते आभाळात हरवल्यासारखं वाटावं. छटा जराशी चुकली तरी गडी सगळा रंग पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. आत नखाएवढा वैमानिक, आणि त्याच्या छातीवर, त्याला खुर्चीशी बांधून ठेवणारे, दोन-तीन केसांच्या ब्रशने रंगवलेले पट्टे. वर पारदर्शक झाकण बसलं की ते पट्टे कुणी मुद्दाम शोधले तरच दिसायचे.

बायको शेजारच्या खोलीत शिवणकाम करायची. मशीन थांबलं तरी तिचं तोंड थांबायचं नाही. त्या पट्ट्यांवरून तर तिने त्याला वर्षानुवर्षं छळलं.

"अहो, त्या एवढ्याशा जिवाला पट्टा कशाला? तो काय पडणार आहे थोडाच?"

असतो म्हणून रंगवायचा, एवढंच तो मान वर न करता म्हणायचा.

मग एक दिवस ती जिन्यावरून पडली. पाठीचं हाड मोडलं. उताणं पडून राहायचं, कुशीवरसुद्धा वळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. हाड हळूहळू जुळत होतं, पण बाई मिटत चालली होती. आधी बोलणं आटलं, मग जेवण. दोन घास खाऊन नको म्हणायची आणि छताकडे बघत राहायची. डॉक्टर एकदा निघताना दारात थांबले. औषधं माझ्या हातात आहेत, म्हणाले, पण त्यांचं मन कशात तरी लागलं पाहिजे, नाहीतर हाड जुळूनही त्या उठायच्या नाहीत. तिच्याशिवाय आपण म्हणजे शून्य, हे पायलटला पक्कं ठाऊक होतं.

ती छताकडे बघते ना, मग छतच सजवू, असं त्याने ठरवलं. स्टूल ओढलं, देवाचं नाव घेतलं आणि चढला. घामाघूम होत हुक लावले. कपाटातलं एकेक विमान आणून नायलॉनच्या दोऱ्याने छताला टांगलं. मग रोज विचारायचा, कशी दिसतात? छान दिसतात, ती म्हणायची. ताट मात्र तसंच अर्धं परत यायचं.

अशाच एका दुपारी पडदे ओढलेले होते, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तो दमून तिच्या शेजारी आडवा झाला. कितीतरी दिवसांनी तो असा निवांत टेकला होता. त्याने सहज वर पाहिलं, आणि वर काहीच नव्हतं.

छत आकाशी होतं. नव्या नवलाईच्या दिवसांत तिनेच हट्टाने तसं रंगवून घेतलं होतं. आणि विमानांची आकाशी पोटं त्यात विरघळून गेली होती. पडदा हलला की कुठे एखाद्या पंखाची कड उमटल्यासारखी व्हायची आणि पुन्हा नाहीशी व्हायची. बराच वेळ तो त्या रिकाम्या आभाळाखाली पडून राहिला. हीच तर छटा साधायला त्याने आयुष्य घालवलं होतं. त्याला रडू आलं.

"तुला दिसतच नव्हती ना? बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्यासाठी स्टुलावर चढलात," ती म्हणाली. "ते दिसलं मला."

तो उठला. पोटं लाल रंगवावीत म्हणून त्याने डबी उघडलीसुद्धा, पण हात काही धजेना. डबी बंद करून तो पुन्हा स्टुलावर चढला. सगळे दोरे कापले, आता चाकांना बांधले, चांगले लांब सोडले आणि एकूण एक विमान उलटं टांगलं. पोटं गेली छताकडे. पलंगाच्या वर, हात उंचावला तर बोट लागेल एवढ्यावर, मातकट-हिरवी रानं तरंगायला लागली, आणि पारदर्शक झाकणांतून इवले इवले वैमानिक डोकं खाली करून तिच्याकडे बघत होते. कोपऱ्यातल्या टेबलपंख्याच्या वाऱ्यावर सगळं आभाळ मंद फिरत होतं.

ती बघत राहिली. डोळे एकावरून दुसऱ्यावर जात होते.

"अहो, पडतील ना ते."

"पट्टे बांधलेत," तो वरूनच म्हणाला.

तिला हसू फुटलं. पाठीत कळ आली तरी थांबेना.

"मग आधी तुम्ही उतरा खाली," ती म्हणाली. "तुम्हाला कुठाय पट्टा?"