याच्यात तुमाला काय मिळतं?

लोकांना पुढारी करायला निघालेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. ते बसस्टँडवर गाठतात, चहाच्या हॉटेलात गाठतात, आणि ज्या दिवशी आपण फार मनापासून भाषण केलेलं असतं त्या दिवशी तर हमखास गाठतात! माझ्याकडं सेनगावच्या पुढच्या एकाच गावातले इतके साठलेत की चार मित्र जमले की तेच सुरू होतात. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गाव विचारील, "आमचंच नाव काहून घेतलं?"

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या संस्थेनं ठरवलं, गावागावातली बोलकी माणसं निवडायची आणि वर्षभर दर महिन्याला त्यांचं शिबिर घ्यायचं. ग्रामसभेत उभं राहून प्रश्न विचारणारी, गावाचं काम तडीस नेणारी माणसं तयार करायची. कार्यक्रमाचे प्रमुख जाधव सर. मी समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच रुजू झालेली. मला वाटत होतं, वर्ष कशाला? सहा महिने पुरे!

*

गावात पहिल्याच दिवशी दत्तराव भेटले. ग्रामपंचायतीचे जुने मेंबर. सकाळपासून ओट्यावर बसून आल्यागेल्याची चौकशी करायची, हे त्यांचं मुख्य काम. मी त्यांना लोकशाही सांगितली, ग्रामसभा सांगितली, नेतृत्व म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बराबर हाय. पर याच्यात तुमाला काय मिळतं?"

"काहीच नाही!" मी अभिमानानं म्हणाले. "गाव पुढं जावं, एवढंच."

दत्तरावांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि घरात आवाज दिला, "अगं, लेकरू आत घे!"

*

शिबिराचा पहिला पाठ होता गावाचा नकाशा. मारुतीच्या पारापुढं सारवलेल्या जमिनीवर रांगोळीनं गाव काढायचं. माणसं रंगात आली. घरं आली, वावरं आली, गोठे आले, ओढा आला. तेवढ्यात मागून कोणीतरी पुटपुटलं, "सरकारला तलाव करायचा असंल हितं."

झालं! एकानं पायानं आपलं वावर पुसलं. दुसऱ्यानं गोठा पुसला. तिसऱ्यानं घरच पुसलं. मी "अहो, अहो" करेपर्यंत गाव गायब! नकाशात उरलं एक मारुतीचं देऊळ आणि दत्तरावांच्या शेजाऱ्यानं केलेलं अतिक्रमण. ते खुद्द दत्तरावांनी काढलं होतं, आणि पुन्हा पुन्हा गिरवून ठळक केलं होतं!

सगळे गेल्यावर शेवंताबाई राठोड मागं राहिली. गावाच्या कडेला तांडा आहे, तिथून शिबिराला येणारी ती एकटीच. उरलेली रांगोळी चिमटीत घेऊन तिनं कोपऱ्यात तांडा काढला आणि मधोमध एक खडा ठेवला.

"हा लिंब. याच्या बुडाशी पानी हाय. तांड्याला हापसा पायजे तो हितंच."

"मग मागा की!"

"मागितला होता मॅडम. गावाला वाटलं, हे लिंब लिंब काहून करून राहिले? काहीतरी असंल. मंग बोअर मारला सडकेला. नुसती धूळ निघाली."

तेव्हापासून तांड्यातल्या बाया ओढा ओलांडून एका शेतातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. मालक चांगल्या मूडमध्ये असेल तर! आता तांड्यासाठी पुन्हा एक बोअर मंजूर झाला होता. जागा दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ठरणार होती. हाही कोरडा गेला तर तिसरा कोण देणार? मी तिथंच ठरवलं, शेवंताबाईला ग्रामसभेत खणखणीत बोलायला शिकवायचं. हापसा लिंबाखाली आणून दाखवायचा. नाहीतर कशाला घ्यायची ही शिबिरं?

*

जाधव सर कुठल्याशा प्रशिक्षणात एक खेळ शिकून आले होते. एकानं डोळे मिटून पाठीवर पडायचं, मागच्यांनी त्याला झेलायचं. यानं माणसामाणसातला विश्वास वाढतो म्हणे! कोणी पडेना. शेवटी दत्तराव म्हणाले, "सर, आधी तुमी पडा."

सरांनी डोळे मिटले, हात छातीशी घेतले आणि पडले. पार जमिनीवर! कारण मागचे सगळे दोन पावलं आणखी मागं सरकून बघत उभे होते.

"अहो, झेलायचं होतं ना!" मी ओरडले.

"आमाला वाटलं, याच्यात काही डाव असंल."

सर पुढं आठवडाभर खुर्चीवर तिरके बसत होते. पण विश्वास मात्र वाढला! दत्तराव येईल त्याला सांगत होते, "मानूस खरंच पडला हो!"

*

एका शिबिरात आम्ही गटप्रमुखाची निवडणूक घेतली. गुप्त मतदान, चिठ्ठ्या, सगळं रीतसर. भास्कर नावाचं पोरगं उभं राहिलं. घरी मेंढरं, स्वतः बी.ए. झालेलं. काय बोललं! "मला संधी द्या, मी तुमच्यासाठी पळेन," असं म्हणाला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

चिठ्ठ्या मोजल्या. भास्करला शून्य! निवडून आला तो त्या दिवशी कळमनुरीच्या बाजाराला गेलेला एक माणूस. त्याला तर निवडणूक आहे हेच माहीत नव्हतं.

मी भास्करला बाजूला घेतलं. "अरे, निदान तुझं तरी मत?"

"कसं देऊ मॅडम? लोक म्हनले असते, याला काहीतरी मिळून राहिलं!"

शेवंताबाईनं दत्तरावांना विचारलं, "पोरगं चांगलं बोललं की. मंग काहून न्हाई दिलं?"

"मागितलं ना त्यानं!" दत्तराव म्हणाले. "एवढं तोंड भरून मागतो म्हनल्यावर काहीतरी असनारच."

त्यानंतर दिवसभर शेवंताबाईचं शिबिरात लक्ष नव्हतं. मला वाटलं, बिचारी निराश झाली.

*

म्हणून मी तिच्याकडून तयारी जास्तच करून घेतली. उभं कसं राहायचं, मुद्दे कसे मांडायचे, मधे कोणी ओरडलं तर काय करायचं. तिला सगळं पाठ झालं. "हापसा लिंबाखाली पाहिजे," हे वाक्य तर ती असं म्हणायची की ऐकणारा फावडं घेऊनच निघावा!

आणि ग्रामसभेच्या तोंडावर भास्कर सायकल मारत आला. "मॅडम, शेवंताबाई गावभर सांगून राहिली, हापसा तिच्याच दारात पायजे म्हून!"

तिचं घर तांड्याच्या वरच्या टोकाला, मुरमाड चढावर. मी जीप पकडून गेले. ती अंगणात तूर पाखडत बसली होती.

"बाई, हे काय ऐकतेय मी?"

"माझ्या दाराला काय झालं मॅडम?"

"आणि बाकीच्या तांड्यानं काय करायचं?"

"येतील की माझ्या दारी. मी काय न्हाई म्हनते का?" सुपावरची नजर तिनं वर केली नाही.

मी येऊन सरांना सांगितलं, सगळं वाया गेलं. सर पाठ चोळत म्हणाले, "असं कसं? पुढारी तयार झाला म्हणायचा!"

*

ग्रामसभेला मी मागं, दाराशी बसले होते. तांड्याचा विषय निघाला तशी शेवंताबाई उठली. मी शिकवलं होतं तशीच, पाठ ताठ, आवाज खणखणीत. "हापसा माझ्या दारात पायजे!"

दत्तराव ताडकन उठले. "काहून? तुझ्याच दारात काहून?"

"माझी सोय. मी शिबिरं केली, मी हिंडले. दुसरं कोन हिंडलं?"

"बघा! म्हून हिंडत होती ही!" दत्तरावांना कितीतरी महिन्यांनी मनासारखं उत्तर मिळालं होतं. चेहरा उजळला होता त्यांचा. "मागं तांडा लिंबाखाली मागत होता ना? मंग तिथंच घ्या! मधात हाय, समद्याला बराबर पडंल."

"लिंबाखाली न्हाई चालनार!" शेवंताबाई ओरडली. "तिथं ढोरं बसतात, चिखल होतो. मी हापसा बसू देनार न्हाई!"

"आता तर तिथंच! सरपंच, मत घ्या!"

गावानं हात वर केले. तांड्यातल्या बायांनीही केले, एकूणएक! शेवंताबाईच्या सख्ख्या जावेनंसुद्धा. आणि हात वर करताना एकीनंही तिच्याकडं बघितलं नाही. शेवंताबाई पदर तोंडाशी धरून खाली बसली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय.

बोअर लिंबाखाली झाला. पाणी असं उसळलं की मशीनवाले भिजले. नारळ दत्तरावांनी फोडला.

*

मी मात्र शेवंताबाईशी बोलत नव्हते. वर्ष संपलं तेव्हा निरोप घ्यायला म्हणून तेवढी तांड्यात गेले. ती लिंबाखालीच भेटली. हापसा मारून तिनं मला तांब्याभर पाणी दिलं.

"मॅडम, पुढच्या वर्साला बी शिबिर घेनार म्हनतात तुमी?"

"घेणार. या वेळी पोरींसाठी. जागा अजून ठरायची आहे. हिंगोलीत घेतलं तर पोरींना घरचे पाठवत नाहीत."

"कुठं बी घ्या. आमच्या तांड्यात तेवढं नका घेऊ."

"काहून?" माझ्याही तोंडून तेच गेलं!

"हितं काय हाय? आमच्या पोरी येनार न्हाईत, बसनार न्हाईत. उगं तुमाला तकलीफ." आणि तिनं घाईघाईनं घागर उचलली.

मला तिथंच संशय आला. एवढं नको नको काहून करतेय ही? तांड्यात काहीतरी असणार! मी हिंगोलीला येऊन सरांशी भांडले, आणि पुढच्या वर्षीचं पहिलं शिबिर त्या तांड्यातच घ्यायला लावलं. कोणाला आधी कळवायचंही नाही असं ठरवून सकाळी सकाळी जीप नेऊन उभी केली.

लिंबाखाली सतरंज्या अंथरलेल्या होत्या. तांड्यातल्या यच्चयावत पोरी वेण्या घालून पुढच्या रांगेत बसल्या होत्या.