बाजूला ठेवलेलं अंडं

चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासणाऱ्या बायकांत ती सगळ्यात जुनी होती. एकवीस वर्षं तेच मशीन, तेच स्टूल, आणि नखांत बसलेली तीच पांढरी पूड. गल्लीत तिला सगळे 'भिंगवाली' म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. नाहीतरी घरी तिला कुणी नावाने हाक मारायचं राहिलं नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, सासूबाई त्याच्याही आधी गेल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आता ती आणि तिचे सासरे, एवढेच उरले होते.

सासरे एके काळी त्या वस्तीतल्या ज्यू समाजाचे गुरुजी होते. लग्न लावायचं, मयताला जायचं, मुलांना शिकवायचं, हे तर होतंच. पण त्यांचं खरं नाव झालं ते प्रश्न सोडवण्यात. दुधाचा चमचा मटणाच्या पातेल्यात पडला, कोंबडीच्या पोटात खिळा निघाला, की आता ते धर्माप्रमाणे खायला चालतं का, हे विचारायला माणसं जिना चढून यायची. गुरुजी टेबलाशी बसून ऐकायचे आणि उत्तर देण्याआधी उलटे दोन-तीन प्रश्न विचारायचे. सून चहा ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची. तिला स्वतःला काही विचारायचं असलं तर ती सासूबाईंना सांगायची, सासूबाई त्यांना विचारायच्या, आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं. सुनेने सासऱ्यांसमोर खुर्ची ओढून बसावं आणि विचारावं, असं त्या घरात कधी झालं नाही. कुणी मनाई केली होती असंही नाही. झालं नाही, इतकंच.

गेली तीन वर्षं गुरुजींना विसर पडू लागला होता. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग माणसं. सुनेला ते कधी 'ताई' म्हणत, म्हणजे त्यांची थोरली बहीण. कधी शेजारीण समजून "बसा ना" म्हणत. पहाटे उठून काठी टेकत खोलीभर फिरत. खाली त्यांच्याच समाजातला गादीवाला राहायचा, सोफे आणि गाद्या भरणारा. त्याच्या बायकोच्या डोक्यावर ती काठी वाजायची. सुरुवातीला तिने वर येऊन सांगून पाहिलं. मग झाडूच्या दांड्याने छत ठोकायला लागली. शेवटी एक दिवस दारात दोघींची चांगलीच जुंपली. "म्हाताऱ्याला बांधून ठेवू का?" असं भिंगवाली म्हणाली आणि गादीवालीने धाडकन दार लावलं. तेव्हापासून दीड वर्ष दोघी जिन्यात भेटल्या तरी एक जण कठड्याकडे बघायची, दुसरी भिंतीकडे.

त्या वर्षी सण गुरुवार-शुक्रवारी आला.

त्यांच्यात शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत, काही शिजवायचं नसतं. सणाच्या दिवशी शिजवता येतं, पण त्या दिवसापुरतं, आणि आधीपासून पेटलेल्या आचेवरच. सण शुक्रवारी आला की पंचाईत होते. सणाच्या दिवशी उद्याचं रांधायचं नाही, आणि उद्या तर काहीच रांधायचं नाही. मग शब्बाथला जेवायचं काय? त्यावर जुन्या लोकांनी एक वाट काढून ठेवली आहे. सण लागायच्या आधी, बुधवारीच, एक शिजवलेला जिन्नस आणि एक पाव बाजूला काढायचा आणि ठरलेले शब्द म्हणायचे. म्हणजे शब्बाथच्या स्वयंपाकाला बुधवारीच हात लागला. शुक्रवारी करायचं ते त्याचंच पुढचं. या बाजूला काढलेल्याला एरुव म्हणतात. बहुतेक घरांत उकडलेलं अंडं ठेवतात आणि शब्बाथच्या जेवणात खातात. शुक्रवारचा स्वयंपाक सुरू व्हायच्या आत ते संपलं, की परवानगीही संपली.

भिंगवालीने बुधवारी कामावरून आल्या आल्या अंडं उकडलं, पाव घेतला, शब्द म्हटले आणि बशी फडक्याखाली झाकून फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवली. गॅसची एक शेगडी बारीक करून दोन दिवसांसाठी पेटती ठेवली. शनिवारी दुपारी गुरुजींचे चार जुने विद्यार्थी जेवायला यायचे होते. ते महिन्यातून एकदा यायचे. चौघेही आता आजोबा झालेले. गुरुजी त्यांना ओळखत नसत, पण ते यायचे, शेजारी बसायचे आणि जेवून जायचे.

शुक्रवारी सकाळी ती मासा काढायला गेली, तर फडकं जमिनीवर पडलेलं. बशीत पाव जसाच्या तसा, अंडं नाही. तिने भाजीच्या टोपलीत पाहिलं, ओट्याखाली पाहिलं. मग बाहेर आली. गुरुजी खिडकीशी खुर्चीत बसले होते. गुडघ्यावर टरफलाचे तुकडे, दाढीत पिवळा कण.

"बाबा, तुम्ही अंडं खाल्लंत?"

"मी? छे. मला अजून कुणी चहासुद्धा दिला नाही."

ते खोटं बोलत नव्हते, हे तिला कळत होतं. तिने ओला रुमाल आणून त्यांची दाढी पुसली, टरफलं वेचली, त्यांना टेबलाशी बसवून चहा दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मासा, घेवडा, बटाटे, कांदे, मटण, सगळं समोर होतं, आणि कशालाच हात लावता येत नव्हता. आजच्या दुपारचं करता आलं असतं. उद्याचं नाही.

नवे गुरुजी राहायचे पाऊण तासाच्या वाटेवर. सणाला गाडी नाही, फोन नाही. चालत गेलं तर सासऱ्यांना एकटं सोडावं लागणार. ती बाहेर आली, टेबलाशी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसली. कोणत्या खुर्चीवर आपण बसलो आहोत, हे बसल्यावर तिच्या ध्यानात आलं. लोक प्रश्न घेऊन याच खुर्चीवर बसायचे.

"एक प्रश्न आहे," ती म्हणाली.

गुरुजींनी चहाचा कप बाजूला सरकवला. "कुणाचा?"

"एका बाईचा. तिने बुधवारी एरुव ठेवला होता. आज सकाळी बघते तर अंडं खाल्लेलं."

"कुणी खाल्लं?"

"घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाने."

"मुद्दाम?"

"नाही. त्याच्या लक्षात राहत नाही."

"हं." त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. दहा वर्षांपूर्वी ठेवायचे तसेच. "सगळं खाल्लं? ऑलिव्हच्या फळाएवढं उरलं असलं तरी पुरतं."

"कणभरही नाही."

"पाव?"

"पाव आहे."

"नुसत्या पावाने भागत नाही. शिजवलेलं हवं. त्या बाईने शब्बाथचं काही चुलीवर चढवलं होतं का, अंडं जायच्या आधी? चढवलेलं असेल तर ते पुरं करता येतं."

"नाही चढवलं."

"आळशी आहे का?"

"कामाला जाते," भिंगवाली म्हणाली. "काल कालच्यापुरतंच केलं तिने. आज उठून उद्याचं करणार होती."

"मग बरोबर आहे तिचं." ते म्हणाले. "गावाच्या गुरुजींनी सगळ्यांच्या वतीने एरुव ठेवला असेल. तसं जाहीर केलं होतं का?"

"तिच्या कानावर नाही."

"मग त्यावर विसंबू नये. शेजारी कुणी आहे, जिने स्वतःचा एरुव ठेवलाय?"

भिंगवालीने जमिनीकडे पाहिलं. "आहे. खालच्या मजल्यावर."

"झालं तर! या बाईने आपला शिधा तिला देऊन टाकायचा. तोंडदेखलं नाही, खरोखर द्यायचा. तिने तो हातात उचलून घ्यायचा, म्हणजे तिचा झाला. मग ती तिचं तिच्या एरुवावर रांधेल. या बाईच्या घरी येऊन रांधलं तरी चालतं. नंतर तिला वाटलं तर ती हिला देईल."

"आणि वाटलं नाही तर?"

"तर नाही. देऊन टाकलं म्हणजे देऊन टाकलं," गुरुजी म्हणाले. मग पुढे झुकून, जरा आवाज उतरवून, "त्या म्हाताऱ्याला कुणी बोललं का?"

"नाही."

"बोलू नये. त्याला कळायचं नाही, आणि हिला वाईट वाटत राहील."

ती उठली. त्यांनी कप पुन्हा पुढे ओढला आणि विचारलं, "ताई, आई बाजारातून आली का गं?"

खालचं दार ठोठावताना तिने काही जुळवाजुळव केली नव्हती. गादीवालीने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. भिंगवालीने एका दमात सगळं सांगितलं. अंडं कुणी खाल्लं तेही.

"म्हणजे मी वर येऊन तुमचा स्वयंपाक करायचा?"

"माझा नाही. सामान तुमचं होईल. स्वयंपाक तुमचा."

"मासासुद्धा माझा?"

"मासासुद्धा."

"आणि मी तो खाली घेऊन आले तर?"

"तर तुम्ही खा. मला काही म्हणता यायचं नाही."

गादीवाली हसली नाही, पण दारातून बाजूला झाली. "पाच मिनिटं थांबा. आमचं भांडं उतरवून येते."

वर आल्यावर तिने टोपली उचलली, मासा उचलला, मटणाचं पातेलं उचललं. प्रत्येक वेळी भिंगवाली म्हणाली, "हे तुमचं." चौथ्यांदा गादीवाली म्हणाली, "कळलं हो, किती वेळा सांगाल!" मग पेटत्या शेगडीवरून काडीने दुसरी शेगडी पेटवून ती कामाला लागली. एका आचेवर भिंगवालीचं आजच्या दुपारचं, दुसऱ्या आचेवर गादीवालीचं उद्याचं. आपलं उरकल्यावर भिंगवालीला करण्यासारखं काही उरलं नाही. उद्याचा एक बटाटाही तिला सोलता येत नव्हता. आपल्याच स्वयंपाकघरात ती पाहुणीसारखी स्टुलावर बसली आणि मीठ कुठल्या डब्यात, मोठा डाव कुठल्या खिळ्याला, एवढं सांगत राहिली. गादीवाली कांदा फार जाड चिरत होती. भिंगवालीने जीभ आवरली.

मध्येच काठीचा आवाज आला. गुरुजी दारात येऊन उभे राहिले, दोघींकडे पाहिलं आणि परत गेले.

"एवढंच फिरतात?" गादीवालीने विचारलं.

"एवढंच. खिडकीपासून दारापर्यंत."

"खाली वाटतं, दहा माणसं चाललीत."

गादीवालीने ऊन उतरायच्या आत मटण आणि घेवड्याचं पातेलं झाकून मंद आचेवर ठेवलं. मग फडक्याला हात पुसले, पदार्थांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "घ्या, दिलं तुम्हाला. मासा अर्धा नेते. तो मला आवडतो."

"न्या ना," भिंगवाली म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं. अर्धा मासा नेला म्हणजे देणं खोटं नव्हतं.

शनिवारी चौघे आजोबा आले, जेवले. कांदा जाड चिरलाय, असं कुणी म्हटलं नाही.

सोमवारी ती कामावर निघाली असताना गुरुजींनी दारातच विचारलं, "त्या बाईचं पुढे काय झालं?"

तिला आधी उमगलंच नाही. स्वतः अंडं खाल्लेलं त्यांना आठवत नव्हतं. प्रश्न आठवत होता.

"शेजारणीने रांधलं. सगळे जेवले."

"छान," ते म्हणाले.

तेव्हापासून ती अधूनमधून त्यांच्यासमोर बसू लागली. कधी खरा प्रश्न, कधी दाराआडून ऐकलेला एखादा जुना, थोडा बदलून. काही दिवशी ते तळवे टेबलावर ठेवत आणि उलटे प्रश्न विचारत. काही दिवशी नुसतेच खिडकीबाहेर बघत. एकदा त्यांनी, जे मुळीच चालत नाही, ते चालतं म्हणून सांगितलं. तिने मान हलवली, "बरं" म्हणाली, आणि ऐकलं नाही. त्यानंतर तिने खरे प्रश्न त्यांना विचारणं बंद केलं. बनवलेले मात्र विचारत राहिली.

गादीवालीशी तिची मैत्री वगैरे झाली नाही. पहाटेची काठी वाजतच राहिली. पण छत ठोकणं थांबलं, आणि एका दुपारी गादीवाल्याने वर येऊन काठीच्या टोकाला जाड नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, तुकडा चिकटवून दिला.

पुढच्या थंडीत गुरुजी गेले. चार विद्यार्थ्यांपैकी तिघे आले. चौथ्याला जिने चढवत नव्हते. भिंगवाली आठ दिवसांनी पुन्हा कामावर गेली. कारखान्यात तोवर नवी मशीनं आली होती, आणि ती शिकायला तिला बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ लागला. आता इमारतीतल्या बायका काही अडलं की तिच्याकडे येतात. ती म्हणते, "नव्या गुरुजींना विचारा." त्या जात नाहीत, तिथेच उभ्या राहतात. मग ती खुर्ची पुढे करते आणि विचारते, नेमकं झालं काय ते.