पाचवी ओळ

१९७२ सालच्या जानेवारीची एकोणीस तारीख. मागितलेली जादा रक्कम दरमहा पंचेचाळीस रुपये. हजर तिघे: आमचे व्यवस्थापक, पुण्याच्या कंपनीचा माणूस आणि पगारपत्रकाचा कारकून म्हणून मी.

ही कंपनी कॉम्प्युटरवर आमच्या कारखान्याच्या दोनशे बारा कामगारांचा पगार काढून देई. मी हजेरीच्या कार्डांचा गठ्ठा घोरावाडी स्टेशनावरून पॅसेंजरने पुण्याला नेई आणि छापील चिठ्ठ्या घेऊन येई. चिठ्ठीत सात ओळी असत. चिठ्ठी इंग्रजीत, बहुतेकांना वाचता येत नसे. पण वरून बोट ठेवत ते ओळी मोजत. पाचवी ओळ पतसोसायटीची, हे सगळ्यांना पाठ होते.

आता कंपनीने सर्व गिऱ्हाइकांसाठी एकच प्रोग्राम ठरवला होता. सगळी कपात एका ओळीत, ‘इतर’ म्हणून. जुनी चिठ्ठी हवी तर जादा पैसे.

“आम्हाला विचारलं का नाही?” मी म्हणालो.

“सगळ्यांना तेच आहे,” तो माणूस म्हणाला. व्यवस्थापकांनी जादा पैसे नाकारले.

सात फेब्रुवारीला तीन ओळींच्या चिठ्ठ्या वाटल्या. पगाराच्या खिडकीपाशी एकच हशा.

“इतर म्हंजे आमच्या पैशानं तुमचा तुंगार्लीचा बंगला, व्हय ना भाऊसाहेब?”

“आरं, पाया तरी खणू दे त्यांना!”

मीही हसलो. भट्टीवरचे एक आबा मात्र हसले नाहीत. डोंगरातल्या वाडीवरून ते रोज चालत येत. जूनपासून सोसायटीत महिना आठ रुपये भरत होते. बारा हप्ते झाले की तीनशे रुपये कर्ज मिळे. त्यातून त्यांना घरावर पत्रे घालायचे होते. बोट तिसऱ्या ओळीवर थांबवून त्यांनी विचारले, “माजी पाचवी कुटं गेली?”

मी समजावले. मार्चची चिठ्ठीही तशीच आली. तेव्हा मी घरी बसून सगळ्यांची कपात वेगवेगळी लिहून काढली आणि आबांचा कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उलटसुलट पाहिला. “हे तुमी लिवलंय.”

“हो. आकडे तेच आहेत, आबा.”

“पर तुमीच म्हनला व्हता न्हवं, हातानं लिवल्यालं धरू नगा, मशीननं छापल्यालंच खरं?”

म्हणालो होतो. तीन वर्षांपूर्वी यंत्र नवे आले तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. माणूस चुकेल, यंत्र चुकणार नाही, असे मीच खिडकीत उभा राहून सांगितले होते. त्यांनी ते मानले. आता माझ्या अक्षराला किंमत उरली नव्हती आणि यंत्र गप्प होते.

“तीनच हप्ते राहिलेत, आबा. पत्रे येतील.”

“न्हाई भाऊसाहेब. दिसत न्हाई ते माजं न्हाई.”

त्यांनी सोसायटीच्या राजीनाम्यावर अंगठा दिला. सोसायटीचे वहीखाते मी त्यांच्यापुढे उघडले. त्यांनी त्याकडे पाहिलेही नाही. त्या महिन्यात आणखी एकोणीस जण बाहेर पडले.

अकरा मार्चला आबांना नऊ हप्त्यांचे बहात्तर रुपये रोख दिले. पुण्याच्या कंपनीला त्याच आठवड्यात तिचे नेहमीचे बिल, एकशे नव्वद रुपये, पूर्ण चुकते केले.