आमच्या सोसायटीचं परराष्ट्र धोरण

माणसानं सूड घेऊ नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांची म्हैस त्यांच्या दावणीला असते. आमची सास्तूरला आत्याच्या सासरी बांधलेली होती, आणि तिला तिथं धाडायची पाळी आणणारा माणूस आमच्या सोसायटीचा चेअरमन होता. कारण काय, तर पोलंड.

नीट सांगतो. आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडं. दुष्काळाचे दिवस. विहिरींचे तळ उघडे पडलेले आणि कडबा मिळायचा तो सोसायटीच्या डेपोतून, चिठ्ठीवर. चिठ्ठीवर सही चेअरमनची. हा गृहस्थ मुदतवाढीवर मुदतवाढ घेत इतका काळ खुर्चीत होता, की सोसायटीला निवडणूक असते हे आमच्या पिढीला पुस्तकातच कळलं. पण जगात कुठं कोण उठतंय यावर त्याचं बारीक लक्ष. सदा रेडिओला कान लावलेला. वार्षिक सभेत दुखवट्याचा ठराव झाला की लगेच पाठिंब्याचा: अमुक देशाची जनता लष्करशहाविरुद्ध लढतेय, तिला या सोसायटीचा जाहीर पाठिंबा. मी उस्मानाबादेत चार बुकं शिकून रिकामा बसलेलो, अक्षर बरं, म्हणून ठराव मी लिहायचो. गाव मला परराष्ट्रमंत्री म्हणायचं आणि मी, गाढव, छाती फुगवायचो.

चेअरमनचा पाठिंबा मात्र निवडून निवडून असायचा. अमेरिकेनं बसवलेल्या हुकूमशहावर लोक उठले, की तो जनतेचा उठाव. रशियाच्या गोटातल्या सरकारवर उठले, की ती परकीय चिथावणी. मीही काही कमी नव्हतो. हट्टानं उरलेल्या अर्ध्या जगावर माझा जीव. आमचे दोघांचे पाठिंबे एकत्र केले तर अख्खी पृथ्वी सुटायला हवी होती. गावाचं तेवढं राहून गेलं.

तर पोलंडात कामगार संपावर गेले आणि मी न विचारता त्यांचा ठराव लिहून नेला. चेअरमननं मथळा बघितला आणि कागदावर आडवी रेघ ओढली.

मी चारचौघांत म्हणालो, "साहेब, कामगार तिथं बी कामगारच की."

"तुला जागतिक राजकारण कळत न्हाय."

"निवडणूक कळती. आपल्यात कधी हाय?"

तो नुसता हसला. पुढच्या खेपेपासून आमची चिठ्ठी बंद.

आण्णा, म्हणजे माझे वडील, गाडी जुंपून डेपोवर जायचे आणि रिकामी गाडी घेऊन यायचे. म्हैस गाभण. शेवटी ती सास्तूरला अर्धलीनं दिली, म्हणजे सांभाळ त्यांनी करायचा आणि व्याली की रेडकात निम्मा वाटा त्यांचा. व्यायच्या आत चारा मिळाला तर परत आणू, एवढीच आशा होती. आण्णांनी मला शिवी दिली नाही. जेवताना फक्त विचारलं, "तुज्या पोलंडात कडबा मिळतो का रं?"

मी ताट तसंच सारून उठलो.

मी जाऊन चेअरमनचे पाय धरले. मनात वेगळंच शिजत होतं. त्याला एक खोड होती. तो फक्त मथळा बघायचा, बाकीचा ठराव थेट माइकवर वाचायचा, म्हणजे आवाजाला जोर येतो. मी मथळा दिला: 'एका पीडित देशास पाठिंबा'. त्यानं देशाचं नाव विचारलं. मी म्हणालो, "नाव घेतलं तर दिल्लीची अडचण हुईल, साहेब." आपल्या सोसायटीमुळं दिल्लीची अडचण होऊ शकते हे ऐकून त्याचा चेहरा उजळला.

मारुतीच्या पारावर सभा भरली. तालुक्याहून सहकार खात्याचे साहेबही आलेले. चेअरमन वाचू लागला: "तिथला सत्ताधीश मुदत संपूनही खुर्ची सोडत नाही. चारा आपल्या सोयऱ्यांना वाटतो. जो बोलेल त्याची दावण रिकामी ठेवतो. गावकुसाबाहेरच्यांना रांगेत शेवटी उभं करतो." आवाज चढत होता. शेवटचं वाक्य मी विष म्हणून राखून ठेवलं होतं: 'तो देश म्हणजे आपली ही सोसायटी.' ते त्याच्याच तोंडून निघणार होतं. त्याआधी त्यानं श्वास घेतला.

"मंजूर!"

आमच्या सभेत चेअरमननं श्वास घेतला की मंजूर म्हणायची रीत आहे, कारण पुढं चहा-चिवडा असतो. शेवटचं वाक्य आजवर कुणीच ऐकलेलं नव्हतं. ठराव लिहिण्यात हयात घालवणारा मी, नेमकं हेच विसरलो. त्यानं कागद घडी करून खिशात टाकला. माझा सूड त्याच्या खिशात.

तेवढ्यात आण्णा उठले. मी घरी ठराव मोठ्यानं घोकत होतो तेव्हा ते विळ्याला धार लावत बसलेले होते.

"चेअरमनसाहेब, त्या माणसानं आता काय करावं म्हन्ता?"

माइक हातातच होता. "त्यानं ताबडतोब निवडणूक घ्यावी. जनतेला सामोरं जावं."

"मग आपल्यात बी घ्या. ह्यो माजा ठराव."

बौद्धवस्तीतले गवंडीकाम करणारे एक सभासद मागून म्हणाले, "अनुमोदन." चेअरमननं दचकून श्वास घेतला.

"मंजूर!" चिवड्याकडं हात गेलेली अख्खी सभा म्हणाली.

सचिवानं लिहून टाकलं. मंजूर झालेलं लिहायचं, एवढंच तो आयुष्यभर करत आलेला. आणि तालुक्याचे साहेब समोरच बसलेले, मग खोडणार कोण?

निवडणूक झाली आणि चेअरमन आपटला. पण कागदं हलेपर्यंत म्हैस सास्तूरलाच व्याली. पारडी झाली, देखणी, आणि निम्मी आमची नव्हती.

नव्या मंडळानं मला डेपोवर बसवलं. एक दिवस जुना चेअरमन चिठ्ठी घेऊन आला. मी त्याला बौद्धवस्तीच्या मागं, रांगेच्या शेवटी उभा केला. पाळी आल्यावर थप्पीच्या तळातल्या काळ्या, कुबट पेंढ्या काढून दिल्या. लोक म्हणतात, अशा वेळी आतून वाईट वाटतं. मी वाट बघितली, वाटलं नाही. लई गोड लागलं.

पेंढ्या गाडीत टाकताना विचारलं, "साहेब, पोलंड काय म्हणतंय?"

त्यानं एक पेंढी हुंगून बघितली, गाडीत नीट रचली, आणि रेडिओवरच्या आवाजात म्हणाला, "परिस्थिती चिंताजनक आहे."